ताईच्या गणिताच्या वह्या

३ सप्टेंबर

बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. फोनच केला असता, पण वसतिगृहात फोन एकच, तोही जिन्याखाली, आणि मागे सहा जणी पाय आपटत उभ्या. तिथं मनातलं बोलायचं म्हणजे दवंडी पिटल्यासारखंच. म्हणून पत्र.

खोली चांगली आहे. खिडकीतून पाण्याची टाकी आणि वाळत घातलेल्या चादरी दिसतात. खोलीत माझ्याबरोबर जी आहे तिला सगळ्या चष्मिष म्हणतात. झोपतानासुद्धा ती चष्मा काढत नसावी असा मला संशय आहे. स्वभावानं अगदी गरीब. माझा पलंगही तीच आवरते. मला त्याची लाज वाटत नाही, हे आईला सांगू नका.

आता खरं काम. गणित सगळं डोक्यावरून चाललंय. बाई वर्गात येतात, फळ्याकडे तोंड करतात आणि सुरू होतात. काही विचारलं की म्हणतात, "हे तुम्ही शाळेतच केलंय." केलं असेल. मी तेव्हा वहीच्या मागच्या पानावर मांजरं काढत होते. माझ्या वह्या तुम्ही पाहिल्यात, पहिली चार पानं सुबक आणि पुढं सगळा आनंद.

तर मला ताईच्या गणिताच्या वह्या हव्यात, शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या. ती एकही पायरी गाळायची नाही. असं का केलं तेही बाजूला लिहून ठेवायची. परीक्षा संपली त्या दिवशी तिनं तुम्हाला बजावलं होतं, मी समोरच होते. "बाबा, ह्या रद्दीत घालू नका, कॉलेजात लागतील." तिला लागल्या नाहीत. मला लागतायत. चार वर्षं पेटीत पडून आहेत, त्यांचं तरी काय चीज होतंय?

पाठवाल ना?

तुमची
धाकटी


१२ सप्टेंबर

धाकटे,

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं, पलंगाचं तेवढं वगळून. जेवतेस ना वेळेवर, असं ती तीनदा विचारते आहे. उत्तर लिही, म्हणजे माझी सुटका होईल.

पेटीचं म्हणशील तर कुलूप गंजलंय. किल्ली आत जाते, फिरत नाही. जोर लावला तर तुटेल. शिवाय इतक्या जुन्या वह्या आता काय कामाच्या? अभ्यासक्रम बदलला असेल. त्यापेक्षा मी आपल्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरांकडून गणिताचं चांगलं पुस्तक मागून घेतो. त्यांच्याकडे कपाटं भरून आहेत. नवं कव्हर घालून पाठवतो.

आणि पेटी उघडली तर आईचं काय होईल, हे तुला सांगायला नको. घरात आत्ता कुठं जरा शांत आहे.

बाइंडिंगचं काम बरं चाललंय. शाळांची हजेरीपत्रकं आली आहेत. कटिंगचं पातं बदललं. बाकी ठीक.

तुझा
बाबा


१९ सप्टेंबर

बाबा,

वेळेवर जेवते. सुटलात.

जो माणूस पुस्तकं दाबायच्या तीस वर्षांच्या शिकंज्याला तेल पाजून पाजून चालवतो, तो कुलपापुढं हात टेकतो? मला नका शेंड्या लावू. खरं कारण मला माहीत आहे. त्या वह्या तुमच्या हातून सुटत नाहीत. मी समजू शकते. पण मी काय परकी आहे का? मीही तिचीच बहीण आहे.

पुस्तक नको. पुस्तकं इथं ढिगानं आहेत. पुस्तक सांगतं आणि पुढं जातं. ताई थांबायची. आठवतं ना, भागाकार तिनंच मला शिकवला, जेवणाच्या ताटाभोवती शेंगदाणे मांडून. शाळेतल्या बाईंनी हात टेकले होते तेव्हा. ती समजावते तसंच मला समजतं, दुसरं कुणाचं नाही.

तुम्हाला घाबरवायचं नव्हतं म्हणून आधी लिहिलं नाही. जानेवारीत पहिली परीक्षा आहे. गणितात नापास झाले तर एप्रिलमध्ये एक संधी देतात. तीही गेली तर विज्ञानाची जागा जाते, जागेबरोबर खोली जाते, आणि मी सामान घेऊन घरी. मग तुमच्या दोन मुली, आणि दोघींचंही कॉलेज राहिलेलं.

हे असं लिहायला नको होतं. पण लिहिलंय, आता खोडत नाही.

धाकटी


२ नोव्हेंबर

धाकटे,

आज पार्सल टाकलं. जड आहे, खाली जाऊन स्वतः घे.

उशीर झाला. कामं अंगावर होती. हजेरीपत्रकं अजून तशीच पडली आहेत, शाळेचा शिपाई दोनदा येऊन तोंड वाकडं करून गेला. जाऊ दे.

दोन्ही वर्षांची मिळून एकच वही केली आहे. सुटी पानं नीट लावून शिवली, पुठ्ठा घातला, वर हिरवं रेक्झिन. कोपऱ्यांना कापड लावलंय, दुमडणार नाहीत. दोनशे बारा पानं आहेत. काही पानं जीर्ण झाली होती, म्हणून थोडं इकडंतिकडं वाटलं तर वाटेल. तिकडं फार लक्ष देऊ नकोस, अभ्यास कर.

माझा अंगठा दुखतोय, म्हणून एवढंच. आई म्हणते, थोरलीच्या वह्या धाकटीकडे गेल्या, बरं झालं. पेटी हलकी झाली तरी ती पुसतेच आहे दर आठवड्याला.

तुझा
बाबा


११ नोव्हेंबर

बाबा,

पार्सल मिळालं. चष्मिषनं आणि मी दोघींनी मिळून जिन्यावरून वर आणलं. तिनं वही हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "अशी तर आमच्या लायब्ररीतपण नाही." माझी छाती फुगली.

वाचायला बसले. दोनशे बारा पानांत एक खाडाखोड नाही. तुमचे किती आभार मानू? इतके दिवस मी तुमच्या मागे भुणभुण लावली, माफ करा. तुम्ही काय केलंत ते मला कळतंय. जास्त लिहीत नाही, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल.

रोज वर्गात जायच्या आधी दहा पानं करते. पाठ करते म्हटलंत तरी चालेल. बाजूला "असं का" वाल्या ओळी आता कमी दिसतात, शेवटच्या वर्षी तिला वेळ मिळाला नसेल. परवा चष्मिषशी वाजलं. ती म्हणे एका ठिकाणी वजाचं चिन्ह राहिलंय, तिच्या पुस्तकात आहे. मी म्हटलं, तुझ्या पुस्तकात छापायची चूक असेल. छापखान्यात काय काय होतं ते बाइंडरच्या मुलीला शिकवू नकोस. माझी ताई गणितात चुकत नाही. तिनं पुस्तक मिटून ठेवलं.

धाकटी


२५ जानेवारी

बाबा,

झाला पेपर. सहाच्या सहा प्रश्न सोडवले. हात थांबला नाही. प्रत्येक उदाहरणाला वहीतलं पान डोळ्यांपुढं येत होतं, अगदी ओळसुद्धा. बाहेर आल्यावर चष्मिष रडत होती, तिचा एक प्रश्न राहिला. मी तिला चहा पाजला.

आईला सांगा, आता मी स्वतःचा पलंग स्वतः आवरते.

धाकटी


२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र खिशात घेऊन दोन दिवस हिंडतोय. मास्तरांना वाचून दाखवलं. शाळेच्या शिपायालाही दाखवलं, त्याचा काही संबंध नसताना. तो म्हणाला, म्हणजे आता आमची हजेरीपत्रकं होतील तर.

आई म्हणाली, थोरलीनं धाकटीला हात दिला. मी नुसती मान हलवली.

निकाल लागला की लगेच कळव.

तुझा
बाबा


२० फेब्रुवारी

बाबा,

मी नापास झाले. शंभरात एकतीस. चाळीस लागतात.

बाईंनी खोलीत बोलावून घेतलं. पेपर पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "पद्धत सगळी येते तुला. मग उत्तरांतली वजाची चिन्हं कुठं गेली? एखादं नाही, सगळी?" मी म्हटलं, माझ्या वहीत असंच आहे. दुसऱ्या दिवशी वही नेऊन दाखवली. त्यांनी पंधरावीस पानं चाळली. रागावल्या नाहीत. उलट हळूच म्हणाल्या, "ज्या मुलीनं हे लिहिलंय तिला गणित कळलेलंच नाही. नुसती चित्रासारखी उतरवलीयत उदाहरणं."

आता एक लपवलेलं सांगते. वहीतलं अक्षर तुमचं आहे हे मी पहिल्याच पानावर ओळखलं होतं. वळण ताईचं घेतलंय, पण सातच्या पोटात तुम्ही मारता ती रेघ कशी लपणार? ती बिलांवर रोज बघत मोठी झालेय मी. मला वाटलं, मूळ वह्या तुम्हाला सोडवल्या नाहीत, म्हणून बसून अख्खी वही उतरवून काढलीत. दोनशे बारा पानं. त्या दिवशी मी खूप रडले आणि तुम्हाला काही लिहिलं नाही. उतरवण्यात तुमची चूक होणार नाही, हे मला माहीत आहे. समोरच्या कागदावर असेल ते तुम्ही काना-मात्रेसकट उतरवता.

म्हणजे ताई चुकली होती, बाबा. मुळातच चुकली होती. चार वर्षं घरात काय ऐकतेय मी? ताई असती तर, ताईनं केलं असतं, ताईच्या पायाची सर नाही. आणि मीच सगळ्यांत पुढं, तिच्या नावानं भांडत. तिला काही येत नव्हतं. इतकं चुकीचं लिहायचं होतं तर निदान इतकं सुबक तरी लिहायला नको होतं तिनं. मी एका मैत्रिणीला खोटं पाडलं तिच्यापायी. ती पास झाली, चौसष्ट.

मला तिचा इतका राग आलाय की काय सांगू. आईला हे वाचून दाखवू नका.

धाकटी


१४ मार्च

धाकटे,

तीन आठवडे पेन हातात घेऊन ठेवून देत होतो. आज लिहितो.

ताई चुकली नव्हती. त्या वहीत तिचं एक अक्षर नाही. समोर ठेवून उतरवायला तिच्या वह्याच नव्हत्या माझ्याकडे. चार वर्षं नाहीत.

ती आठ दिवसांच्या तापात गेली तेव्हा वाचनालयाची पुस्तकं बाइंडिंगला दुकानात येऊन पडली होती. मी दुकान बंद ठेवायला हवं होतं. पण रिकामा बसलो की वेड लागायची पाळी येई, म्हणून टेबलाशी बसायचो. तू लहानपणी हाताखाली असायचीस, तुला माहीत आहे. पानाला खळ लावताना खाली रद्दीचा कागद घालायचा, खळ लागली की तो चुरगळून टोपलीत टाकायचा आणि दुसरा घ्यायचा. ताईच्या वह्या मी आजारपणाच्या आधीच उसवून ठेवल्या होत्या. दोन्ही वर्षांची एक वही करा, कॉलेजात न्यायला बरी, असं तिनंच सांगितलं होतं. सुटी पानं टेबलाच्या डाव्या हाताला होती. रद्दीही डाव्या हातालाच असते.

हात काम करत होते, मी तिथं नव्हतो. चार दिवस तसं चाललं. चौथ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा खळीचा ब्रश फिरवला आणि शेवटच्या कागदावर तिचं अक्षर दिसलं. "असं का" एवढे दोन शब्द राहिले होते, बाकी खळीत गेलं. टोपलीकडे धावलो तर टोपली रिकामी. आईनं आदल्या दिवशीच ती बाहेर नेऊन ओतली होती. तिला काय ठाऊक?

मी कुणाला सांगितलं नाही. तेवढ्याच वजनाची रद्दी पेटीत भरली, म्हणजे हलवली तर रिकामी वाजू नये, आणि कुलूप लावलं. तुझ्या आईनं चार वर्षं ती रद्दी पुसली आहे.

तू वह्या मागितल्यास तेव्हा मास्तरांकडून जुनं पुस्तक आणलं आणि त्यातून लिहून काढलं. मी सातवी शिकलेला माणूस. काय लिहितोय ते कळत नव्हतं, पण अक्षर जुळवत गेलो. तिथं माझं चुकलं ते सांगतो. ते पुस्तक फार खराब छापलेलं. टाईप घासला की कागदावर नको तिथं बारीक रेघा उठतात, जन्मभर बघत आलोय. बरोबरच्या चिन्हापुढं लगेच एक आडवी बारीक रेघ दिसायची. दोन आकड्यांच्या मध्ये असेल तर वजाबाकी, एवढं मला समजतं, त्या मी ठेवल्या. पण रेघेच्या आधी काहीच नाही, तर वजा कशातून करायचं? म्हणून म्हटलं छपाईचा डाग. दोनशे बारा पानांतून शोधून शोधून गाळल्या. ताईच्या वहीत डाग शोभले नसते.

तुझं वर्ष मी घालवलं. आणि वर थोरलीला बोल लागला. पहिल्याचं काय करायचं ते मला अजून सुचत नाही. दुसरं मात्र मला सहन होत नाही. तू बाईंकडे जा आणि सांग, ही माझ्या बहिणीची वही नाही, माझ्या बापाची आहे. गणित न कळलेला माणूस तो. माझ्याविषयी काय म्हणायचं ते म्हणू देत.

आईला काल सांगितलं. ती उठली आणि पेटी पुसली.

बाबा


२२ मार्च

बाबा,

बाईंना सांगून आले. जसं लिहिलंत तसंच सांगितलं, रद्दीपासून डागांपर्यंत. त्यांनी वही पुन्हा मागून घेतली आणि उभ्यानंच किती तरी वेळ चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, त्या मुलीबद्दल बोलले ते मागे घेते. तुमच्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. आता आठवड्यातून दोनदा तास संपल्यावर त्या मला घेऊन बसतात. परीक्षा अठरा एप्रिलला आहे. चष्मिषची माफी मागितली. ती म्हणाली, कशाबद्दल? मैत्रीण असावी तर अशी.

तुमचा राग आला का, तर आला. वह्यांचा नाही. तुमच्या जागी कुणाच्याही हातून ते झालं असतं. चार वर्षं तुम्ही आम्हा दोघींना पेटीसमोर बसवलंत आणि एकटेच सगळं गिळत राहिलात, त्याचा आला. आईनं कधी 'माफ केलं' असं म्हटलं नाही तरी तिच्याजवळ बसा. दुकानात जाऊन बसू नका.

आता जे लिहितेय ते तुम्हाला विचित्र वाटेल. निकाल लागल्यापासून तुमचं पत्र येईपर्यंत तीन आठवडे मी ताईशी भांडत होते. जेवणाच्या रांगेत, आंघोळीला नंबर लावून उभी असताना, सारखी. माझी निळी ओढणी न विचारता नेली होती तेही काढलं. आईपाशी चुगली केली होती तेही. तीही ऐकून घेत नव्हती, फटाफट उत्तरं द्यायची, तिच्या त्या नाक उडवायच्या सवयीसकट. ती गेल्यापासून घरात कुणी तिला वावगा शब्द बोललेलं नाही. मीही नाही. गेलेल्या माणसाशी कोण भांडतं? त्या तीन आठवड्यांत ती मला जशी होती तशी परत मिळाली होती, बाबा. मग तुमचं पत्र आलं, तिची काही चूक नव्हती असं कळलं, आणि ती बोलायची थांबली. आता भांडायला काही उरलं नाही. ती गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते, नीट रडलेसुद्धा नव्हते. परवा रडले.

आणि एक मागायचं आहे. तुमचं पत्र मी सात-आठदा वाचलं. चार पानं आहेत. त्यात ताई आहे, आई आहे, मास्तरांचं पुस्तक आहे. मी नापास झाले त्याबद्दल मला एक शब्द नाही. सगळा दोष तुम्ही स्वतःच्या अंगावर घेऊन मोकळे झालात. खोलीत धडधडीत छापलेलं पुस्तक होतं. चष्मिषनं बोट ठेवून चूक दाखवली होती. मी ते उघडून बघितलं नाही. बघायला मला कुणी अडवलं होतं?

ताई गेल्यापासून तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत. शाळेतून तक्रार आली तेव्हा नाही. मी गणितात काठावर पास झाले तेव्हा "असू दे" म्हणालात. आईशी उद्धट बोलले तेव्हा उठून दुकानात गेलात. मी तेव्हा मुद्दाम बोलले होते.

बाबा, मी नापास झाले आहे. शंभरात एकतीस. मला रागवा. पानभर लिहा, कान धरल्यासारखं लिहा. तिला रागवायचात, तसं.

धाकटी